रुसायची सोय

उंद्रीच्या आसपास लग्न ठरलं की यजमान आधी मंडपवाल्याला गाठायचा, मग आचाऱ्याला, मग बँडवाल्याला, आणि चौथा फोन उकंडरावांना जायचा. ज्या लग्नात कुणीच रुसलं नाही ते लग्न नीट लागलं की नाही, अशी शंका या भागात लोकांना येते. आणि रुसलेला माणूस मंडपात परत आणणं हे उकंडरावांचं काम होतं.

तसा त्यांचा मूळ धंदा भाजीपाल्याचा. वांगी, मेथी आणि पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो सांबार. पण वांगी कुणीही पिकवतो. रुसवा काढणारा माणूस पंचक्रोशीत एकच.

रुसायला कारणं भरपूर असतात. कुणाला शेला-टोपी उशिरा मिळते. कुणाला मिळते ती टोपी आधी दुसऱ्याच्या डोक्यावर बसवून पाहिलेली निघते. कुणाला आमंत्रण मोबाइलवर येतं आणि हात जोडलेल्या चित्राखाली नाव भलत्याचंच असतं. असा माणूस मग चपला घालतो आणि दिसेल अशा ठिकाणी जाऊन बसतो. न दिसणाऱ्या ठिकाणी रुसण्यात काही हशील नसतं.

उकंडराव तिथं जात, शेजारी बसत, प्यायला पाणी मागत आणि लग्नाचं नावही काढत नसत. "चला" म्हणायचं नाही, "जाऊ द्या ना आता" तर मुळीच म्हणायचं नाही. फक्त म्हणायचं, "मंग?" आणि गप्प राहायचं. समोरचा थोडं बोले, थांबे. पुन्हा, "मंग?" एकदा एका नवरीचे मामा पाण्याच्या टाकीवर चढून बसले. खाली सारा गाव ओरडतोय, मामा ढिम्म. उकंडराव शिडीनं वर गेले आणि "मंग?" म्हणाले. मामांनी शेला कसा विटका मिळाला इथून सुरुवात केली, ती लहानपणी आईनं धाकट्याला जास्त साय दिली इथपर्यंत नेली. दोघं खाली उतरले तेव्हा मंगलाष्टकं संपली होती. पण मामा पहिल्या पंगतीला बसले आणि बुंदी दोनदा मागून घेतली.

"लोकाईले सल्ला नसते पाह्यजे, राजेहो," उकंडराव पारावर सांगत. "सल्ला त्याईच्या घरीच पडेल असते. लोकाईले कान पाह्यजे."

पोरीचं लग्न झाल्यापासून त्यांच्या बोलण्यात आणखी एका वाक्याची भर पडली होती. अनुपमा बुलढाण्याला शाळेवर शिक्षिका. त्याच शाळेतल्या चिन्मयशी तिचं जमलं, दोन्ही घरांनी होकार दिला आणि वैशाखात उंद्रीला धूमधडाक्यात लग्न लागलं. ऐन वरात वेशीत आली तेव्हा उकंडरावांच्या मावसभावानं, शालिग्रामनं, फेटा काढून कडुनिंबाला बांधला आणि स्वतः खाली बसला. कारण फेटा बांधणाऱ्यानं फोनवर बोलत बोलत त्याला फेटा बांधला होता. उकंडराव स्वतः धावले. तासाभरानं शालिग्राम फेट्यासकट मंडपात. तेव्हापासून ते वाक्य: "माह्या मंडपातून एकबी माणूस रुसून नाही गेला."

पोरगी सासरी गेली. उकंडराव रोज फोन करत.

"कशी हायेस माय?"

"ठीक आहे."

पहिल्यांदा त्यांनी ते ऐकलं तेव्हा फोन कानापासून दूर धरून पाहिला. त्यांच्या घरात आजवर कुणी 'ठीक आहे' म्हटलं नव्हतं. तिथं एक तर मस्त चाललेलं असे, नाहीतर डोकं उठलेलं असे. मधलं काही ठेवायची पद्धतच नव्हती.

आठवडे गेले, तरी 'ठीक आहे' काही संपेना. शेवटी सोजराबाई एक दिवस भाकर थापता थापता म्हणाल्या, "साऱ्या जिल्ह्याचं ऐकता तुम्ही. घरच्या पोरीचं काऊन ऐकू येत नाही तुमाले?"

त्या दिवशी उकंडरावांनी फोनवर नेहमीचा प्रश्न विचारला, नेहमीचं उत्तर आलं, आणि त्यांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, "मंग?"

मग अनुपमा बोलायला लागली.

"इथं कोणी काही बोलतच नाही बाबा. सासऱ्याईले काही इचारा, 'काही नाही' म्हणतात. मले आपण-आपण करतात, जशी मी दोन दिवसाची पाव्हणी. ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसतात. आई म्हणतात त्याईचा स्वभाव हाये. चिन्मय म्हणते, लग्नाच्या आधी असे नव्हते."

"मंग?"

"मंग काय. शाळेच्या जवळ खोली पाह्यली आम्ही. रविवारी पक्कं सांगतो म्हटलं खोलीवाल्याले."

"अन् तुले जाचं हाये का?"

"मले भरलं घर आवडते, तुमाले माहीत नाही का? पण मी आली अन् यांचं घर मुकं झालं. माह्याच्यानं असन, तं मी निघालेली बरी. रविवारच्या आत काही झालं तं झालं. नाही तं जातो आम्ही."

रविवारी सकाळीच उकंडराव पिशवीभर वांगी, मेथी आणि सांबार घेऊन बुलढाण्याच्या गाडीत बसले.

अनुपमा फाटकातच भेटली. चिन्मय खोलीवाल्याकडे गेला होता. तिनं पिशवी घेतली आणि हळूच म्हणाली, "बाबा, एक सांगतो. आतमंदी जाऊन मंग-मंग करजा नका. ते काही झाडाखाली बसलेले नाहीत. माह्यं घर हाये, मी पाहीन काय पाह्याचं ते."

"मी कायले करतो," उकंडराव म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी तेच केलं.

नीळकंठराव, त्यांचे व्याही, बैठकीत वर्तमानपत्र वाचत होते. गोरे, ठेंगणे, रविवारीही इस्त्रीचा शर्ट. सगळी नोकरी त्यांनी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली होती.

"या, या व्याहीबुवा. प्रवास ठीक झाला ना?"

"हाव. तुमचं कसं काय इवाईबुवा?"

"उत्तम. काही नाही."

"मंग?"

"मग काही नाही."

उकंडराव गप्प बसले. रुसलेल्या माणसाला गप्पपणा सोसत नाही, हा त्यांचा आजवरचा अनुभव. पाच मिनिटांत तो स्वतःहून फुटतो. पण हा माणूस टेबलापलीकडे उभ्या असलेल्या लोकांसमोर पंचवीस-तीस वर्षं गप्प बसलेला होता. त्याला गप्पपणाचा काय त्रास? नीळकंठराव शांतपणे भिंतीकडे पाहत राहिले. पंखा फिरत राहिला. शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला.

"मंग?" उकंडराव पुन्हा म्हणाले, जरा केविलवाणं.

"चालू आहे."

आणि मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. उकंडराव स्वतःच बोलू लागले. गुडघे दुखतात. यंदा वांग्यावर अळी फार. सोजराबाईला आताशा ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. नीळकंठराव मान डोलावून "असं का" म्हणत होते, जसा एखाद्याचा अर्ज ठेवून घ्यावा. अर्ध्या तासात उकंडरावांचं पोट रिकामं झालं होतं आणि व्याह्यांच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

अनुपमा चहा घेऊन आली. तिनं वडिलांकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिनं ट्रे खाली ठेवला. मग चपला घातल्या, बाहेर गेली आणि पुढच्या पायरीवर, फाटकाकडे तोंड करून, घराला पाठ देऊन बसली.

थोडा वेळ कुणाला काही वाटलं नाही. मग नीळकंठरावांनी मान लांब करून पाहिलं.

"सूनबाई, आपण बाहेर का बसलात?"

"मी रुसली."

नीळकंठरावांचा कप बशीत वाजला. "हळू बोला. शेजारी पाहतायत."

"म्हणूनच इथं बसली. आत बसून काय फायदा?"

नीळकंठराव खुर्चीच्या कडेशी सरकले आणि उकंडरावांना कुजबुजत विचारलं, "हे... हे काय आहे?"

"रुसवा हाये."

"मग आता काय करतात याचं?"

उकंडरावांची जीभ तोंडात वळवळली. पण खिडकीतून पोरीची ताठ पाठ दिसत होती. "मले नका इचारू," ते कसेबसे म्हणाले. "तिले इचारा."

नीळकंठराव उठले. दारापर्यंत गेले, परत आले, चष्मा पुसला, पुन्हा गेले. पायरीपाशी उभं राहून म्हणाले, "माझं काही चुकलं का?"

"बसा."

"इथे? पायरीवर?"

"रुसलेल्या माणसाशी उभ्यानं बोलत नाहीत, अण्णा."

नीळकंठरावांनी खिशातला रुमाल काढला, पायरीवर पसरला आणि त्यावर बसले. आता पुढं काय, ते त्यांना कळेना. काही वेळानं, सकाळपासून पाहुण्याकडून ऐकलेला तेवढा एकच शब्द त्यांच्या मदतीला आला. ते चाचरत म्हणाले, "मग?"

आत सोफ्यावर उकंडरावांनी मांडीवर थाप मारली आणि स्वतःच दचकून हात आवरला.

"मग असं," अनुपमा म्हणाली. ती शाळेत बोलते तसं नीट बोलायला लागली आणि दुसऱ्या वाक्यात उंद्रीच्या बोलीवर आली. "मी या घरी लेक होऊन आली. तुम्ही मले आपण म्हणता. पहिल्या दिवशी वाटलं, मोठे लोक हायेत. आता वाटते, मले दारातच उभं ठेवलं हाये. मी सैपाक करतो, तुम्ही ताट घेऊन गॅलरीत जाता. भाजी खारट झाली तं खारट म्हणा ना! मी आई-बाबाच्या घरी एका भाजीवरून दोन दिवस भांडेल हाये. इथं मी रोज इचारतो कसं झालं, अन् तुम्ही म्हणता, छान. मेथी जळली होती परवा. तरी छान!"

"नाही, तसं काही—"

"थांबा अण्णा. माह्यं नाही झालं अजून."

नीळकंठराव थांबले. हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत बसवलेल्या मुलासारखे, शेवटपर्यंत ऐकत राहिले. ती रडली नाही. फक्त शेवटी म्हणाली, "मले या घरातून जाचं नाही. पण कोणी राह्य म्हणत नाही, तं राहू कशी?"

फाटकाबाहेरून एक स्कूटर गेली. शेजारचा मिक्सर केव्हाच बंद झाला होता.

"आता तुमचं सांगा," अनुपमा म्हणाली.

"माझं? माझं काही नाही."

"अण्णा! मी एवढी बोलली. शेजारच्या काकू चटणी तशीच सोडून खिडकीत उभ्या हायेत. अन् तुम्ही 'काही नाही' म्हणून सुटता का?"

नीळकंठरावांनी शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. मग रुमालाचं एक टोक ओढत, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "व्याहीभेट."

आत उकंडरावांचा चहा निवत होता. त्यांनी कान खिडकीला लावला.

"मी कोट शिवला होता," नीळकंठराव म्हणाले. "त्या दिवसासाठी. आमच्या घरात, सूनबाई, कुणी कुणाला मिठी मारत नाही. माझ्या वडिलांनी मला कधी जवळ घेतलं नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली तीही हात लांब करून. मला वाटलं, चिन्मयच्या लग्नात तरी वेशीवर सगळ्यांसमोर एक माणूस मला हक्कानं मिठी मारेल. मी घरी सराव केला. आधी उजवा खांदा की डावा, ते हिला विचारलं. ही हसली."

"मी हसले नव्हते," आतून स्नेहलताताई म्हणाल्या. त्या, चिन्मयची आई, केव्हापासून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "थोडी हसले."

"वेशीवर पोचलो. बँड थांबला. मी हात पसरले, आणि समोर कुणी भलतेच गृहस्थ. त्यांनी मला एकदम उचललं. फोटोवाला म्हणाला, थांबा, पुन्हा; तर त्यांनी मला पुन्हा उचललं. मी वरूनच विचारलं, उकंडराव कुठे आहेत? तर म्हणाले, ते एका महत्त्वाच्या माणसाची समजूत काढायला गेलेत. महत्त्वाच्या. मी म्हटलं, काही हरकत नाही."

"अन् साऱ्याईले ते खरं वाटलं," अनुपमा म्हणाली.

"हो. तुमच्याकडे पाहिलं की मला ते आठवायचं. तुमचा त्यात काडीचा दोष नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी तुमच्याशी जास्तच आदरानं वागत होतो."

उकंडराव आत उभे राहिले. एकबी माणूस रुसून नाही गेला! गेला होता, तो नेमका नवरदेवाचा बाप, आणि तो हसत, हात जोडून, जेवण छान झालं म्हणत गेला होता. कडुनिंबाखाली बसला असता तर उकंडरावांना दिसला तरी असता. ते दाराकडे निघाले.

अनुपमानं मागं वळून न पाहता नुसता तळहात वर केला. "बाबा, बसा. अण्णांचं नाही झालं अजून."

उकंडराव होते तिथंच, दारातल्या पायपुसण्यावर बसले. लाज गळ्यापर्यंत आली होती खरी. पण तिच्या मागून, तिला कोपरानं बाजूला सारत, दुसरंच काही वर येत होतं. हा डाव त्यांनी पोरीला शिकवला नव्हता. लोकांच्या पोटातलं काढायला त्यांनी जन्म घालवला, पण समोरच्याच्या पायरीवर आधी स्वतःचं पोट उघडं करावं, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांना तर पोट अगदी रिकामं होईपर्यंत आपण बोलतोय हेसुद्धा मघाशी कळलं नव्हतं. आणि ही, काल-परवा भातुकलीत भावल्यांचे रुसवे काढणारी पोरगी, बुलढाण्यात भर कॉलनीत, ज्या माणसानं कचेरीत कुणाला थांग लागू दिला नाही त्याला पायरीवर बसवून बोलतं करत होती. छाती इतकी भरून आली की सदऱ्याचं वरचं बटण त्यांना काढावं लागलं.

नीळकंठरावांचं खरंच झालं नव्हतं. एकदा झाकण निघाल्यावर मागचं सगळं रांगेनं आलं. बढतीच्या वेळी हाताखालच्याला पुढं काढलं ते. थोरल्या भावानं मुंजीला बोलावलं ते शेवटच्या दिवशी. लग्नातली कढी आळणी होती, तेही.

"आळणी नव्हती," उकंडरावांच्या तोंडून निघालं.

"आळणी होती," नीळकंठराव मागं वळून म्हणाले, पहिल्यांदाच आवाज चढवून.

"होती," अनुपमानं निकाल दिला.

स्नेहलताताई पदराला हात पुसत आल्या, पायरीवर जागा करून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं झालं असेल तर माझंही थोडं आहे." ते थोडं नव्हतं. चिन्मय खोलीवाल्याकडून परत आला तेव्हा त्याच्या घराच्या पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या आणि आत जायला वाट नव्हती.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "अनू, ते लोक खोलीचं पक्कं विचारतायत."

अनुपमा सासऱ्यांकडे पाहत राहिली. सगळेच पाहू लागले.

नीळकंठरावांनी घसा साफ केला. "त्यांना सांग, नको म्हणून," ते म्हणाले. "ती इथे राहतेय. तू राहतोस का ते तुझं तू बघ."

तेव्हा कुठं अनुपमा वडिलांकडे वळली. "या आता बाबा."

उकंडराव आले. त्यांनी पुष्कळांचे रुसवे काढले होते, पण ज्याच्यावर रुसलेत तो माणूस होऊन कधी समोर उभे राहिले नव्हते. "इवाईबुवा," ते म्हणाले, "माह्या मंडपातून एकच माणूस रुसून गेला, अन् तो तुम्ही. मले आज समजलं. चुकलो मी."

"काही हर—" नीळकंठराव सवयीनं म्हणाले आणि अडखळले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग कॉलर नीट करत, स्पष्ट आवाजात म्हणाले, "हो. चुकलात."

शेजारच्या खिडकीतून कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं.

मग नीळकंठराव आत गेले. बाहेर आले ते कोट घालून. फाटकापाशी जाऊन उभे राहिले, आणि उकंडराव रस्त्याच्या बाजूनं आले, कारण भेट घ्यायची तर रीतीनं. आधी उजवा खांदा की डावा, हे ऐनवेळी दोघांनाही आठवलं नाही. डोक्यावर डोकं आपटलं. पण मिठी अशी बसली की उकंडरावांना कोटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास थेट नाकात गेला आणि त्या वासानंच असेल, त्यांचे डोळे भरले.

"आता मी उचलणार," नीळकंठराव म्हणाले.

"राहू द्या इवाईबुवा, कंबर—"

"मला दोनदा उचललंय!"

उचललं त्यांनी. उकंडराव वावरातल्या काठीसारखे हलके, तरी नीळकंठरावांचा चेहरा लाल झाला. "फोटो काढ लवकर," ते दातांत बोलले. चिन्मयनं काढला. काकूंनी खिडकीतून दुसरा काढला.

जेवणं गॅलरीत नाही, बैठकीत झाली, सगळ्यांची एकत्र. दुपारी उकंडराव निघाले तेव्हा स्वयंपाकघरात संध्याकाळच्या वांग्यांवरून वाद पेटला होता. फाटकापर्यंत आवाज येत होता.

बसस्टँडवरून त्यांनी सोजराबाईंना फोन लावला. "कशी हाये पोरगी?" सोजराबाईंनी विचारलं.

"भांडून राह्यली सासऱ्याशी," उकंडराव मोठ्यानं म्हणाले, म्हणजे त्यांना ऐकू जावं आणि स्टँडवरच्या लोकांनाही. "वांग्याच्या भाजीत शेंगदाण्याचा कूट टाकाचा का नाही याच्यावरून. तो म्हणे, 'अगं अनू, तू माझं ऐक जरा.' पोरगी म्हणे, 'नाही ऐकत.'"

"अनू म्हणे? तो?"

"हाव. अनू."

पलीकडून सोजराबाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं झालं माय," त्या म्हणाल्या. "लागली पोरगी घरी."

चिखलीवरून जाणारी गाडी लागली. उकंडरावांना खिडकी मिळाली. कंडक्टर आला आणि यंत्र पुढं करून म्हणाला, "कुठं, बाबा?"

"उंद्री. बुलढाण्याले माही पोरगी राह्यते."

"बरं," म्हणून कंडक्टर पुढच्या सीटकडे वळला. उकंडरावांनी त्याची बाही धरली.

"बरं काय? इचारा ना, कशी हाये ते."